सुपासारखे कान आणि मागून घातलेला टाका

ऑडिओ ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

जळगावहून ताईचा फोन आला. "पोराचे कान मागे घेता येतात का रे? वर्गात त्याला सुपकान्या म्हणतात." भाचा सहा वर्षांचा. धुळ्याच्या शाळेत मलाही हेच म्हणायचे, म्हणून बीटेक होईपर्यंत मी केस कानावर ठेवले.

आता आपल्या कानाला हात लावा. बाहेरच्या काठाच्या आत आणखी एक उंच घडी लागते ना? माझ्या कानात ती जवळपास नाहीच, म्हणून कान उघडलेल्या दारासारखा. दुसरं कारण म्हणजे कानाची वाटी खोल असणं. मग अख्खा कान पुढे ढकलला जातो. पुष्कळांना दोन्ही असतं.

मला वाटायचं, कान कापून लहान करतात. तसं नाही. कानामागे चीर घेतात आणि कूर्चेत न विरघळणारे टाके घालून घडी पाडतात. ही स्कॉटलंडच्या मुस्टार्डेंची 1963 ची पद्धत. वाटी खोल असेल तर ती मागच्या हाडावरच्या पडद्याला टाक्याने ओढून बांधतात, ती फर्नास यांची, 1968 ची.

मोठ्या माणसाची कूर्चा कडक झालेली असते. नुसता टाका घातला तर ती परत उसळायला बघते. म्हणून बऱ्याचदा तिच्या पुढच्या बाजूला बारीक रेघा ओढतात. पुठ्ठ्यावर ब्लेड फिरवलं की तो उलट्या बाजूला सहज वाकतो ना, तसंच. माझ्या वयात हे बहुधा कान बधिर करून होतं, लहान मुलांना पूर्ण भूल. पाच-सहा वर्षांपर्यंत कान बराचसा वाढलेला असतो, म्हणून त्याआधी सहसा करत नाहीत. तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं: पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा मऊ असते, साच्याने वळवता येते. पण डॉक्टरकडून हं, घरी चिकटपट्टी लावून नाही.

धोके आहेतच. आत रक्त साठू शकतं. एका कानात दुखणं वाढत गेलं तर पट्टी सोडून लगेच बघावं लागतं. टाका वर येऊ शकतो, कान पुन्हा पुढे येऊ शकतो, व्रण जाड होऊ शकतो.

ताईला म्हटलं, आधी त्याला विचार. तिने फोनच त्याच्याकडे दिला.

"मामा, दुखतं का?"

"ऑपरेशनच्या वेळी झोपलेला असशील. नंतर ठणकतं, आणि डोक्याला पट्टी."

"आणि क्रिकेट?"

"काही आठवडे बंद."

तो जरा थांबला. "मग राहू दे. आमची मॅच आहे."