गिटारमधला बुश काढताना

लेस पॉलसारख्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज दोन जाड स्क्रूंवर उभा असतो आणि ते स्क्रू बहुधा लाकडात ठोकून बसवलेल्या धातूच्या बुशमध्ये फिरतात. सहा तारांचा मिळून सुमारे 45 किलोचा ताण, म्हणून बुशच्या बाहेरच्या अंगाला खाचा असतात. त्या लाकूड घट्ट धरून ठेवतात. बसवायला सोपा, काढायला हट्टी.

पक्कड किंवा पटाशीने उचकटायचा मोह आवरावा. टेकू मिळतो तो गिटारच्या पॉलिशवरच, आणि जुन्या गिब्सन गिटारवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर ठिसूळ. टवका उडालाच म्हणून समजा.

त्यापेक्षा स्क्रूलाच कामाला लावायचं. आधी तारा उतरवा. बुशच्या काठाला लॅकर चिकटलेलं असतं, तिथे धारदार पात्याने हलकी रेघ मारा. ही पायरी गाळणारेच पुढे रडतात. मग भोकाच्या तळाशी छोटा, डोकं नसलेला ग्रब स्क्रू टाका आणि त्याच गिटारचा स्क्रू वरून फिरवत न्या. तो तळाला टेकला की खाली जायला जागा उरत नाही, त्यामुळे आट्यांवरून बुशच वर सरकू लागतो. तत्त्व मोटारीच्या स्क्रू-जॅकचं. जोर लाकडाच्या आत पडतो, वरच्या चकाकीला धक्का नाही.

फारच अडला तर स्क्रूला सोल्डरिंग आयर्नने थोडी ऊब द्या. जास्त नको, लॅकर मऊ पडतं. एका बुशला आतून अर्थिंगची तार टेकलेली असू शकते, तिचं टोक जपा.