शेवटच्या घराला पाणी का पोचत नाही? नळाच्या जाळ्याचा हिशेब आधी मांडून पाहा



कालव्यावर शेती करणाऱ्याला ‘टेलचा शेतकरी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वरचे भिजतात आणि शेवटचा कोरडा राहतो. नळाच्या पाण्यातही हाच प्रकार होतो. फरक एवढाच की पाट डोळ्यांना दिसतो आणि पाईप जमिनीखाली असते. मग भांडण कोणाशी करायचे तेच कळत नाही. कुणी म्हणतो टाकी लहान, कुणी म्हणतो व्हॉल्ववाल्याची चूक, कुणी म्हणतो धरणातच पाणी नाही. खरे कारण पुष्कळदा पाईपच्या व्यासात आणि पाणी सोडण्याच्या तासांत दडलेले असते. ते खणून पाहण्याची जरुरी नाही. कागदावर किंवा संगणकावर पाण्याचे जाळे मांडले की कळते.

आता पाली गाव घ्या. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा करीत रस्ता उत्तनला येतो आणि पुढे पाली. एका अंगाला समुद्र आणि मागे खाडी. आसपास गोडी नदी नाही. मीरा-भाईंदरला नळाचे पाणी येते ते लांबून, उल्हास नदीच्या बाजूने. आता सूर्या नदीवरच्या धामणी धरणाच्या योजनेतून मीरा-भाईंदरच्या वाट्याला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरविले आहे. आकडा मोठा आहे आणि आनंदाचाही आहे. पण शहराच्या तोंडाशी पाणी वाढले म्हणजे रस्त्याच्या टोकाच्या गावात दाब वाढेलच असे समजू नये. पाणी पाईपमधून पुढे सरकते तसे पाईपच्या अंगाला घासते आणि दाब खर्च होत जातो. टोकाला काय उरते, हा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. पाली असो की कोकणातली एखादी वाडी की घाटावरचे गाव, नियम एकच.

दाब आपण ‘मीटर’मध्ये मोजू. टाकीतले पाणी तुमच्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल आणि पाणी स्थिर असेल, तर नळाशी १० मीटर दाब. मेकॅनिक त्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात. पाणी वाहू लागले की त्यातून घर्षणाची घट वजा होते. एकमजली घरासाठी नळाशी निदान ७ मीटर दाब मिळावा, असे पाणीपुरवठ्याच्या सरकारी मार्गदर्शक पुस्तकात धरले आहे.

आता एक लहानशी वाडी मनात धरू. वस्ती १,००० माणसांची. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले की दिवसाचे ५५,००० लिटर होतात. टाकीतल्या पाण्याची पातळी गावच्या जमिनीपेक्षा २० मीटर उंच. टाकीपासून नाक्यापर्यंत ६०० मीटर, आतून १०० मिलिमीटर म्हणजे चार इंची पीव्हीसी पाईप. निम्मी वस्ती नाक्याभोवती आणि निम्मी तिथून ४०० मीटर पुढे, गावाच्या टोकाला. पैसे वाचवावे म्हणून टोकाकडे दोन इंची, म्हणजे आतून ५० मिलिमीटरची पाईप टाकली. आणि पाणी सोडायचे रोज दोन तास.

दोन तासांत ५५,००० लिटर वाहायचे, म्हणजे टाकीतून सेकंदाला साधारण ७.६ लिटर. त्यातले निम्मे, ३.८ लिटर, टोकाकडे जाणार. हेझन व विल्यम्स या दोघा अमेरिकन अभियंत्यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक सूत्र आहे. आजही पाण्याच्या पाईपला तेच लावतात. त्याने हिशेब केला तर चार इंची पाईपमध्ये नाक्यापर्यंत ६ मीटर दाब खर्च होतो. नाक्यावर १४ मीटर उरतात, म्हणजे तिथली मंडळी खूष. पुढच्या दोन इंची पाईपला मात्र तेवढे पाणी न्यायला साडेबत्तीस मीटर दाब लागतो. हातात आहेत १४. मग टोकाच्या घराला ठरलेले पाणी पोचेल कुठून? टाकी भरलेली आहे, व्हॉल्व उघडा आहे, व्हॉल्ववाला बिचारा प्रामाणिक आहे आणि तरी बाई हंडा घेऊन ताटकळत उभी आहे.

यावर पहिला उपाय सर्वांना सुचतो, तो म्हणजे जाड पाईप. टोकाकडे आतून ७५ मिलिमीटरची, तीन इंची पाईप घातली तर त्याच प्रवाहाला घट साडेबत्तिसावरून साडेचार मीटरवर येते. व्यास फक्त दीडपट झाला आणि घट सातव्या हिश्श्यावर आली. टोकाला साडेनऊ मीटर दाब मिळतो. काम झाले.

दुसरा उपाय फारसा कोणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबू. पाईप तीच दोन इंची ठेवा. पाणीही तेवढेच, ५५,००० लिटर. फक्त दोन तासांऐवजी चार तास सोडा. प्रवाह निम्मा होतो. पण घट निम्मी होत नाही, जवळजवळ पाव हिश्श्यावर येते. नाक्यापर्यंत पावणेदोन मीटर, पुढे ९ मीटर. टोकाला सव्वानऊ मीटर दाब उरतो. म्हणजे एक फूटही चर न खणता टोकाची घरे जिवंत झाली! आणि पाणी चोवीस तास ठेवले, सकाळच्या गर्दीला सरासरीच्या तिप्पट वापर धरला, तरी टोकाला १७ मीटर दाब राहतो. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी सुरू केले, घरोघर मीटर बसविले आणि जास्त वापराला चढता दर लावला. चोवीस तास म्हणजे उधळपट्टी अशी आपली समजूत असते. पाईपच्या दृष्टीने पाहिले तर दोन तासांत सगळे गाव भरण्याचा अट्टाहास हीच उधळपट्टी आहे. बारापट प्रवाह म्हणजे शंभरपट घट!

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. वरच्या हिशेबात प्रत्येक घर आपल्या वाट्याचेच पाणी घेते असे धरले आहे. प्रत्यक्षात नाक्याजवळचा माणूस तोटी उघडी टाकून जनावरे धुतो. म्हणून तास वाढवायचे तर मीटर तरी हवा, नाहीतर जवळच्या जोडण्यांना बारीक भोकाची चकती आणि घरच्या टाकीला फ्लोट कॉक तरी हवा. नाहीतर चार तासांत पाणी दुप्पट जाईल आणि टाकी रिकामी पडेल.

हा हिशेब हाताने होतो, पण घरे वाढली, फाटे फुटले, वाटोळी रिंग झाली की हाताने किचकट होतो. रिंगमध्ये पाणी कोणत्या बाजूने किती जाईल हे आधी माहीत नसते. सन १९३६ मध्ये हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने त्याची रीत दिली. तिला दोनच नियम लागतात. प्रत्येक सांध्यावर जेवढे पाणी आले तेवढे गेले पाहिजे. आणि रिंगवर दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी पोचताना होणारी घट सारखी आली पाहिजे. आधी अंदाज धरायचा, मग चुकलेले थोडे थोडे दुरुस्त करीत जायचे. अभियंते हे रात्ररात्र कागदावर करीत. आता तेच काम संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

त्यासाठी ‘ईपानेट’ नावाचा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने तो सन १९९३ मध्ये प्रथम काढला. तो फुकट मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. इंग्रजीत आहे, पण तुमचा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी दोन संध्याकाळी बसली तर जमेल. सुरुवातीलाच प्रवाहाचे माप ‘लिटर प्रति सेकंद’ करून घ्या आणि सूत्र हेझन-विल्यम्सचे ठेवा. प्रोग्रॅम मुळात अमेरिकन गॅलनवर लावलेला असतो. आकडे भरून झाल्यावर माप बदलले तर भरलेले आकडे आपोआप बदलत नाहीत आणि सगळा हिशेब वाकडा होतो.

मग पडद्यावर चित्र काढायचे. टाकीच्या जागी ‘रिझर्व्हायर’ ठेवा आणि त्यात पाण्याच्या पातळीची उंची लिहा. नाका आणि गावाचे टोक हे दोन ‘जंक्शन’. प्रत्येकाची जमिनीची उंची आणि तिथे लागणारे पाणी भरा, आपल्या उदाहरणात प्रत्येकी ३.८. मधल्या पाईपांना लांबी, आतला व्यास आणि खडबडीतपणाचा आकडा द्या. नव्या पीव्हीसीला १४० चालतो. जुन्या गंजक्या बिडाच्या पाईपला १०० किंवा त्याहूनही कमी धरावा. १०० धरला तर घट जवळजवळ दुप्पट येते. नंतर ‘रन’चे बटण दाबा आणि जंक्शनवरचा दाब वाचा.

दोन इंची पाईप घालून चालवाल तर टोकाला उणे साडेअठरा मीटरच्या आसपास दाब दिसेल आणि प्रोग्रॅम इशारा देईल. उणे म्हणजे तिथे पाणी उलटे जाते असा अर्थ लावू नका. प्रोग्रॅम ठरलेले पाणी प्रत्येकाला मिळालेच असे धरून हिशेब करतो. उणे आकडा म्हणजे ‘हे पाणी एवढ्या पाईपमधून मिळणे नाही’ असे त्याचे सांगणे. २०२० च्या आवृत्तीत, दाब कमी असेल तर पाणी किती कमी मिळेल तेही काढता येते. पण पहिल्या खेपेला साधीच रीत बरी.

उणे दाबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. टोकाची माणसे कंटाळून नळालाच मोटर लावतात. मोटर ओढते तेव्हा पाईपमध्ये खरोखरच उणे दाब होऊ शकतो आणि सैल सांध्यातून गटाराचे पाणी आत खेचले जाते. जुलाब-कावीळ मग एका घरात थांबत नाही. मोटर लावणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याला मोटर लावावी लागली, याचा अर्थ पाईप टाकताना त्याच्या घराचा हिशेब कोणी केला नाही.

आकडे खरे हवेत, नाहीतर संगणकही खोटेच सांगेल. सर्वांत जास्त चूक उंचीत होते. मोबाईलवर दिसणारी उंची कित्येक मीटरने चुकते आणि आपल्याला सात मीटरचा प्रश्न सोडवायचा आहे. आपल्या उदाहरणात टोकाची वस्ती ५ मीटर टेकाडावर असती, तर तीन इंची पाईप घालूनही साडेचार मीटरच दाब उरला असता. म्हणून गवंडी पाया साधायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि टप्प्याटप्प्याने उंची मोजत चला. वेळ लागतो, पण इंचाचा फरकसुद्धा कळतो. व्यासाचीही गंमत आहे. पीव्हीसी पाईपवर लिहिलेले ६३, ७५, ९० हे आकडे बाहेरचे असतात. आतले भोक लहान असते. हिशेबात आतलाच व्यास घाला.

पाईपलाईन आधीच असेल तर पाणी सुटलेल्या वेळी दोन-तीन ठिकाणी प्रेशर गेज लावून दाब वाचा. नळाखाली मापाची बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवा. संगणकाचा दाब आणि गेजचा दाब जवळजवळ जुळला तर तुमचे चित्र खरे. एखाद्याच ठिकाणी फार फरक पडला तर तिथे अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व, चोंदलेली पाईप किंवा गळती शोधा. जमिनीखालचा दोष असा वरूनच सापडतो.

नव्या योजनेत फाटे पुष्कळ असतील तर मुंबईच्या पवई येथील आयआयटीने बनविलेला ‘जलतंत्र’ हा प्रोग्रॅम उपयोगी आहे. रिंग नसलेल्या, फांद्यांसारख्या जाळ्यात कुठे किती व्यासाची पाईप घातली म्हणजे दाबही मिळेल आणि खर्चही कमी येईल, ते तो सांगतो. गावात योजना होणार असेल तेव्हा ग्रामसभेत, आणि शहरात असाल तर वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, एकच कागद मागा: प्रत्येक सांध्यावरच्या दाबाचा तक्ता, पाणी सोडण्याच्या तासांसह. तक्त्यात सर्वांत उंच आणि सर्वांत लांबच्या घराची ओळ आधी पाहा. ७ मीटरपेक्षा कमी दिसले तर चर खणण्याआधी बोला. पाईप पुरल्यावर तीच दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

विहिरीवरून मळ्यापर्यंत पाईप नेणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू आहे. तिथे घट म्हणजे मोटरचे जास्तीचे हेड, आणि हेड म्हणजे विजेचे बिल. सेकंदाला ३.८ लिटर पाणी ४०० मीटर न्यायला दोन इंची पाईपमध्ये साडेबत्तीस मीटर आणि तीन इंचीत साडेचार मीटर, हे दोन आकडे दुकानात पाईप घेताना चिठ्ठीवर लिहून न्या. मग किमतीतला फरक किती हंगामांत वसूल होतो, ते आपल्या मीटरवर ताडून पाहा.