ताटांतलें आणि कागदावरचें

घरांत महिन्याचा शिधा किती भरला, एवढ्यावरून घरच्या माणसांचें पोषण कळतें, असें आम्हांस वाटत नाहीं. एकूण धान्यास माणसांच्या संख्येनें भागिलें, कीं आग्रहानें वाढलें जाणारे सासरे आणि शेवटच्या पंक्तीस उरल्यासुरल्यावर भागविणारी सून कागदावर सारखींच जेवतात! म्हणून १९७२ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरो’चे पाहणीदार ठराविक मापाच्या वाट्या दाखवून, गेल्या २४ तासांत कोणी काय खाल्लें, हें विचारीत. एकादशीस वा सणास विचारल्यास मात्र हिशेब चुकावयाचा; यास्तव निरनिराळे दिवस हवेत. भगिनींस आम्ही एवढेंच विनवितों, कीं पाहणीदारास सर्वांचें सांगतांना स्वतःचें ताट विसरूं नये. तें नोंदलें गेलें, तरच त्यांतील उणें दिसेल.