एक्सप्लेनर : तीच पटकथा, तोच व्हायरस, मग ‘केबिन फीव्हर’चा रिमेक शून्यावर बाद का झाला?

हॉरर रिमेक फसणं नवीन नाही. पण 2016 चा ‘केबिन फीव्हर’ फसला तो प्रकार जरा वेगळा आहे. इथे नुसती मूळ कथा उचलली नाही, तर 2002 च्या सिनेमाची पटकथाच जवळपास जशीच्या तशी पुन्हा शूट केली गेली.

नेमकी गोष्ट काय?

कॉलेज संपवलेली पाच जणांची टोळी रानातल्या केबिनवर सुट्टीसाठी जाते. कातडी सडत चाललेला एक माणूस मदत मागत येतो. घाबरलेल्या पोरांशी झालेल्या झटापटीत तो पेटतो, पळतो आणि मरून पडतो थेट पाणीसाठ्यात. केबिनच्या नळाला तेच पाणी!

मूळ सिनेमा का चालला?

एली रॉथचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. आइसलँडमध्ये त्याला स्वतःला झालेल्या त्वचेच्या संसर्गावरून कल्पना सुचलेली. बजेट साधारण 15 लाख डॉलर, जगभरची कमाई सुमारे 3 कोटी. पैसा नव्हता, पण एक गोष्ट पक्की होती: भीती व्हायरसची कमी, मित्रांची जास्त. आजारी मैत्रिणीला ही मंडळी शेडमध्ये कोंडतात, ते बघताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं. त्यात रॉथचा विचित्र विनोद. हसावं की तोंड फिरवावं, कळत नाही.

रिमेकमध्ये काय बिघडलं?

दिग्दर्शक ट्रॅव्हिस झारिव्नी यांनी नेमका हा विनोदच पातळ केला. रॉथ स्वतः कार्यकारी निर्माता होता, तरीही. पार्टीवेड्या डेप्युटी विन्स्टनला स्त्री केलं, रक्त वाढवलं, जंगल देखणं दिसलं. पण पात्रं संवाद म्हणतात ते पाठ केल्यासारखे. इंजिनीअरिंगला सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल उतरवणाऱ्यांना हे लगेच कळेल. रीडिंग सगळी बरोबर, व्हायवाच्या पहिल्याच प्रश्नाला दांडी गुल.

रॉटन टोमॅटोजवर 0 टक्के म्हणजे काय?

अनेकांचा इथे गोंधळ होतो. हे शंभरपैकी मिळालेले गुण नाहीत. किती टक्के समीक्षकांनी सकारात्मक परीक्षण लिहिलं, तो हा आकडा. म्हणजे त्यात मोजलेल्या एकाही समीक्षकाला सिनेमा पसंत पडला नाही. सिनेमा अगदीच टाकाऊ असतो असं नाही. सगळ्यांनी ‘ठीक, पण गरज काय?’ म्हटलं तरी शून्यच येतं. माझ्या मते इथे तेच झालं.

असा आजार खरंच असतो?

मांस सडवणारा संसर्ग खरा आहे, पण तो बहुधा बॅक्टेरियामुळे आणि जखमेतून होतो. एकाकडून दुसऱ्याला लागण क्वचितच. नळाचं पाणी पिऊन नाही, तेव्हा निवांत राहा.

बघायचाच असेल तर 2002 चा बघा. फक्त जेवण आधी उरकून घ्या. बाथटबमध्ये पायावर रेझर फिरवण्याचा सीन त्यात आहे.