करंजेलाचा आम्लांक

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ओढ्याकाठी करंजाची झाडे पुष्कळ. उन्हाळ्यात शेंगा वाळल्या की ठाकूर-कातकरी मंडळी त्या वेचतात, फोडतात आणि बिया विकतात. पूर्वी करंजेलावर दिवे जळत. आज ते साबण, कातडी कमावणे, कीडनाशके अशा कामी येते. हे तेल कडू, खाण्याचे नव्हेच. मग त्यात चांगले-वाईट ते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका आकड्यात आहे. त्याला म्हणतात आम्लांक.

तेल म्हणजे स्निग्धाम्ले आणि ग्लिसरीन यांची बांधलेली मोळी समजा. बिया ओल्या राहिल्या, तर त्यांच्यातलेच लायपेज नावाचे द्रव्य या मोळीचा बंध सोडते. बुरशी आली की काम आणखी झपाट्याने होते. आम्ले मोकळी सुटतात. एक ग्रॅम तेलातली मोकळी आम्ले मारायला जितके मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते, तो त्या तेलाचा आम्लांक.

गंमत अशी, की हाच आकडा टॉल तेलाच्या कारखान्यात नेमका उलटा वाचतात. स्वीडन, फिनलंड, अमेरिका या देशांत पाइनचे लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या पाण्यात शिजवून कागदाचा लगदा करतात. लाकडातली राळ आणि स्निग्धांश यांचा साबण होऊन तो काळ्या पाण्यावर तरंगतो. तो काढून घेऊन त्यात गंधकाम्ल घातले, की तपकिरी टॉल तेल मिळते. ‘टॉल’ म्हणजे स्वीडिश भाषेत पाइनचे झाड. पुढे हवा काढून घेतलेल्या उंच मनोऱ्यात या तेलाचे ऊर्ध्वपातन करतात. स्निग्धाम्ले एकीकडे, राळ दुसरीकडे आणि तळाशी डांबरासारखा गाळ. कच्च्या टॉल तेलाचा आम्लांक साधारण 130 ते 165 असतो. तिथे मोकळी आम्ले हाच माल, म्हणून आकडा मोठा तितके तेल कसदार.

आपल्या करंजेलात मात्र मोकळे आम्ल म्हणजे तूट. तेल शुद्ध करणारा सोडा घालून आम्ले काढतो. ती साबण होऊन जातात आणि जाताना थोडे चांगले तेलही ओढून नेतात. ही तूट शेवटी बियांच्या भावातून वजा होते.

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ही परीक्षा सहज होते. दोन ग्रॅम तेल तोलून घ्यावे. पंचवीस मिलिलिटर अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून, त्यातले आम्ल आधीच मारून, ते तेलात मिसळावे. ऊब द्यायची ती गरम पाण्याची; अल्कोहोलजवळ ज्योत नको. मग ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक पोटॅश थेंबथेंब सोडावे. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावे. तेल काळपट असेल तर कमी घ्यावे आणि खाली पांढरा कागद ठेवावा. कॉस्टिक कातडीला आणि डोळ्यांना वाईट, हे मुलांना आधी सांगावे.

समजा 5 मिलिलिटर लागले. 5 ला 5.61 ने गुणून 2 ने भागले की आम्लांक 14 येतो. त्याची निम्मी म्हणजे शेकडा 7 आम्ले मोकळी आहेत, असा ढोबळ हिशेब.

आता वेचणाऱ्यांनी काय करावे? बिया उन्हात कडक वाळवाव्यात. बुरशी लागलेल्या निवडून टाकाव्यात. पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत, आणि होईल तितके पावसाच्या आधीच गाळून घ्यावे. गुरुजींनी कोरड्या बियांचे आणि महिनाभर ओलीत ठेवलेल्या बियांचे, अशा दोन तेलांचे आम्लांक मुलांकडून काढून फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. पुढे व्यापारी ‘माल हलका आहे’ म्हणाला, तर पाड्यावरच्या माणसाला ‘किती हलका?’ असे विचारता येईल, आणि उत्तराचा आकडा त्याच्यापाशीही असेल.