भयपटाचा दुसरा भाग : 'सायको टू'च्या निमित्ताने

गाजलेल्या भयपटाचा दुसरा भाग पाहायला बसलेल्या प्रेक्षकाचे समाधान करणे मोठे कठीण. त्याला पहिल्या वेळची भीती जशीच्या तशी हवी असते आणि शिवाय काही नवेही हवे असते. पण भीती पोसली जाते ती अज्ञानावर. दाराआड कोण आहे हे एकदा कळले, की तीच भीती पुन्हा आणायची कोठून? बहुतेक दिग्दर्शक मग प्रेतांची संख्या वाढवतात आणि आपण जांभया देत बाहेर पडतो.

१९८३ सालचा 'सायको टू' पाहताना मला हीच धास्ती होती. कारण मूळ 'सायको'चा (१९६०) सारा डोलारा अज्ञानावरच उभा आहे. जिला आपण नायिका समजतो ती मॅरियन चित्रपट अर्ध्यावर येण्यापूर्वीच न्हाणीघरात मारली जाते. खून नॉर्मन बेट्सची म्हातारी आई करते असे वाटत राहते आणि शेवटी उलगडा होतो, की आई केव्हाच मेलेली. तिचे कपडे चढवून खून करणारा नॉर्मनच! खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडकच हिचकॉकने घातला होता. आता हे गुपित जगजाहीर झालेले, आणि हिचकॉकही १९८० मध्ये निवर्तलेला.

दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिनने हे गुपित लपवण्याचा खटाटोपच केला नाही. आरंभीच तो न्हाणीघरातील तो कृष्णधवल खून जसाच्या तसा दाखवतो. मग पडद्यावर हळूहळू रंग उतरतात आणि कथा बावीस वर्षे पुढे येते. नॉर्मन बरा होऊन मनोरुग्णालयातून सुटतो. मॅरियनची बहीण लायला त्याच्या सुटकेविरुद्ध शेकडो सह्या गोळा करून आलेली असते. तिचे कोणी ऐकत नाही. नॉर्मन एका खाणावळीत हरकाम्या म्हणून लागतो आणि तेथे त्याला 'आई'च्या चिठ्ठ्या मिळू लागतात, घरी तिचे फोन येतात.

येथे अँथनी पर्किन्सचा अभिनय पाहण्याजोगा आहे. घरी आलेल्या मेरी नावाच्या मुलीसाठी तो सँडविच करतो, तेव्हा 'सुऱ्या-काटे' हा साधा शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळते. पहिल्या भागात आपण नॉर्मनला भ्यालो होतो. येथे आपण त्याच्यासाठी भितो. पुढे कळते, की ही मेरी लायलाचीच मुलगी असून चिठ्ठ्या आणि फोन हा मायलेकींचा डाव आहे. नॉर्मनला पुन्हा वेड लागावे, म्हणजे त्याची रवानगी परत रुग्णालयात होईल! मेरीला पुढे त्याची दया येते, लायलाला मात्र येत नाही.

मला अस्वस्थ केले ते याच डावाने. कारण तिकीट काढून बसलेल्या आपणा सर्वांची इच्छा तरी निराळी कोठे असते? नॉर्मन बरा झाला, खाणावळीत इमानेइतबारे भांडी घासू लागला, असा चित्रपट कोणाला हवा आहे? त्याने पुन्हा सुरा उचलावा म्हणूनच आपण आलेले असतो. लायलाचा आपल्याला राग येतो खरा. पण तिच्या मनात जे आहे, त्याचीच वाट पाहत आपण खुर्चीत बसलेले असतो. पहिल्या भागाची कीर्ती नॉर्मनच्या मानेवर कशी बसली आहे, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा उत्तरभाग माझ्या पाहण्यात नाही.

शेवटाबद्दल मात्र माझे मन अजून दुभंगलेले आहे. खाणावळीतील प्रौढ श्रीमती स्पूल येऊन सांगते, की मीच तुझी खरी आई. नॉर्मन तिला विष घातलेला चहा देतो आणि मग फावड्याचा घाव घालतो. त्या क्षणी मी दचकलो आणि सुखावलोही. पण लगेच वाटले, दोन तास ज्याच्या बरे होण्यासाठी जीव टांगणीला लावला, त्याला असे एका फटक्यात पूर्वपदावर नेऊन ठेवायचे? शिवाय ही नवी आई उपरीच वाटते. १९८६ च्या तिसऱ्या भागात, जो स्वतः पर्किन्सने दिग्दर्शित केला, ती खरी आई नव्हतीच, मावशी होती, असा खुलासा करावा लागला तो उगाच नव्हे.