घरच्या संगणकावर वेळेची मर्यादा

मर्यादा दोन प्रकारची : 'कधी' (उदा. संध्याकाळी ५ ते ८) आणि 'किती' (दिवसाला १ तास). दोन्ही एकत्रही लावता येतात.

• विंडोज व्हिस्टा (२००७) : पालक-नियंत्रण अंगभूत, पण फक्त 'कधी'. 'किती'ची सोय विंडोज ८ मध्ये (२०१२) आली.

• विंडोज १० व ११ : 'मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी'. मुलाचं वेगळं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं.

• मॅक : 'स्क्रीन टाइम', २०१९च्या कॅटलिनापासून.

• मुलाचं खातं 'स्टँडर्ड' प्रकारचं हवं, त्यावरून संगणकाचं घड्याळ मागे करता येत नाही (पहिली युक्ती बहुधा तीच!). 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खात्यावरून ते करता येतं.

• जागतिक आरोग्य संघटना (२०१९) : २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहणं दिवसाला जास्तीत जास्त १ तास. वर्षाखालच्या बाळांना अजिबात नाही.